मंत्र, घोडा आणि पेशी
जुन्नर-आंबेगावच्या भातखाचरांत आणि उसाच्या फडात साप चावला की पूर्वी माणसाला आधी देवळात किंवा मांत्रिकाकडे नेत. तिथूनही माणसे बरी होऊन परतत, हे नाकारता येत नाही. पण बहुतेक साप बिनविषारीच, आणि विषारी सापही कधीकधी विष न सोडता चावतो. श्रेय मात्र मंत्राला! घोणशीचे विष भिनले की रक्त गोठेनासे होते, हिरड्यांतून वाहू लागते. तिथे मंत्राचे काही चालत नाही.

मग शरीराची स्वतःची प्रतिकारशक्ती का पुरत नाही? वेळेअभावी. प्रतिकारशक्तीतल्या बी-पेशीचे रूपांतर प्रतिपिंडे स्रवणाऱ्या पेशीत व्हायचे तर ब्लिम्प-१ हे प्रथिन तिच्या जनुकांचा जुना कारभार बंद पाडून नवा सुरू करते, आणि या साऱ्याला काही दिवस जातात. नागाचे विष तासांत काम उरकते. म्हणून प्रतिपिंडे बनवण्याची ही मेहनत घोड्याकडून आधीच करवून घ्यायची आणि तयार प्रतिपिंडे रुग्णाला टोचायची; हेच प्रतिविष. १८९५च्या सुमारास फ्रान्सच्या काल्मेतने प्रतिविषाची वाट दाखवली; पुढे मुंबईच्या हाफकिन संस्थेत नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांवर चालणारे प्रतिविष होऊ लागले. नारायणगावात डॉ. सदानंद राऊत यांनी याच उपचाराने सर्पदंशाचे रुग्ण वाचवले. घोड्याची प्रथिने परकी, त्यांची रिअ‍ॅक्शन येऊ शकते, ही हरकत रास्त आहे. त्यासाठी अ‍ॅड्रेनलिन हाताशी ठेवतात, प्रतिविष टाळत नाहीत.