व्यायामाचा संकल्प का मोडतो? विद्यार्थिदशेतील सवयीमागचे मानसशास्त्र

शैक्षणिक वर्षाच्या आरंभी अनेक विद्यार्थी नियमित व्यायामाचा निश्चय करतात आणि परीक्षा जवळ येताच तो मागे पडतो. याचा दोष बहुधा आळसाला दिला जातो. मानसशास्त्रातील संशोधन मात्र वेगळे कारण दाखवते. इच्छा असणे आणि कृती होणे यांमध्ये मोठे अंतर असते व ते केवळ उपदेशाने भरून निघत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम स्वरूपाचा किंवा ७५ ते १५० मिनिटे जोरकस व्यायाम करावा. व्यायाम हितकारक आहे, हे बहुतेक विद्यार्थी जाणतात. प्रश्न माहितीचा नसून ती आचरणात आणण्याचा आहे.

सारा मिल्न, शीना ऑर्बेल आणि पास्कल शीरन यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेला ब्रिटनमधील २४८ पदवी विद्यार्थ्यांवरील प्रयोग या दृष्टीने बोलका आहे. एका गटाला हृदयविकाराचा धोका आणि व्यायामाचे लाभ सांगणारा मजकूर देण्यात आला. दुसऱ्या गटाला त्या मजकुराबरोबरच व्यायाम कोणत्या दिवशी, किती वाजता आणि कोठे करणार, हेही लिहायला सांगितले. तिसऱ्या गटाला यांपैकी काहीच दिले नाही. पुढील आठवड्यात तिसऱ्या गटातील ३८ टक्के विद्यार्थ्यांनी व्यायाम केला. केवळ माहिती मिळालेल्यांत हे प्रमाण ३५ टक्के, तर वेळ व जागा लिहून ठेवणाऱ्यांत ९१ टक्के होते. माहितीने इच्छा वाढली; कृती घडली ती नेमक्या योजनेमुळे.

दुसरा घटक आत्मविश्वासाचा. अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये मांडलेल्या संकल्पनेनुसार, ‘हे आपल्याला जमेल’ ही खात्री माणसाच्या प्रयत्नांचे सातत्य ठरवते. ही खात्री प्रामुख्याने छोट्या यशांतून आणि आपल्यासारख्याच इतरांना यशस्वी होताना पाहून वाढते. म्हणूनच पहिल्याच दिवशी तासभर धावण्याचा अट्टहास नवख्याला नाउमेद करू शकतो.

तिसरा घटक प्रेरणेचा. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांच्या स्वयंनिर्णय सिद्धांतानुसार स्वायत्तता, सक्षमता आणि आपुलकीचे संबंध या तीन गरजा भागल्या तर प्रेरणा टिकते. केवळ दिसण्याच्या दडपणाखाली सुरू केलेला व्यायाम लवकर सुटण्याची शक्यता अधिक. खेळातला आनंद आणि मित्रांची सोबत यांमुळे तो टिकण्याचा संभव वाढतो.

सवय जडण्यास वेळही लागतो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली व सहकाऱ्यांच्या २०१० मधील अभ्यासात एखादी कृती अंगवळणी पडण्याचा मध्यक कालावधी ६६ दिवसांचा आढळला. व्यक्तिपरत्वे तो १८ पासून २५४ दिवसांपर्यंत होता. एखादा दिवस चुकल्याने या प्रक्रियेत फारसा खंड पडला नाही, हा त्यातील दिलासादायक निष्कर्ष. एक दिवस चुकला म्हणून ‘आता सारेच संपले’ असे मानणे हीच खरी चूक ठरते.

या निष्कर्षांचा उपयोग गोव्यातील विद्यार्थ्यालाही सहज करता येतो. ‘यंदा व्यायाम करायचा’ या मोघम निश्चयाऐवजी ‘सोमवार ते शुक्रवार, शेवटचा तास संपताच ताळगाव पठारावर अर्धा तास झपझप चालायचे, पाऊस असल्यास खोलीतच सूर्यनमस्कार घालायचे’ अशी योजना आखता येते. त्यातून आठवड्याची १५० मिनिटे भरतात आणि पावसाची सबबही उरत नाही. सोबतीला एखादा मित्र वा मैत्रीण असल्यास उत्तमच. परीक्षेच्या दिवसांत वेळ कमी करावा. दिवस व ठिकाण मात्र शक्यतो बदलू नये.