आधी पाणी, मग रस्ता

मेलबर्नहून निघायचं, समुद्राच्या काठाकाठाने पश्चिमेला जायचं, मध्येच उत्तरेला वळून वाळवंटात शिरायचं, परत किनाऱ्यावर यायचं आणि एस्परन्सला पोचायचं. आम्ही चौघं, एक भाड्याची फोर-व्हील, दोन तंबू, साडेतीन आठवडे. नियोजन माझ्याकडे आलं, कारण एक्सेल शीट उघडल्यावर ज्याला आनंद होतो असा ग्रुपमध्ये मी एकटाच. तारीख, मुक्काम, किलोमीटर, पेट्रोल असे रकाने केले. मग पाण्याचा रकाना केला, आणि तो भरता भरता मी इतिहासाच्या पुस्तकांत जाऊन पडलो. इथे गाडी कुठून जाते हे शंभर-दीडशे वर्षांपूर्वी ठरलंय, आणि त्यामागचं कारण बहुतेक वेळा पाणी आहे.

पहिल्या टप्प्याला मात्र हे लागू नाही. ग्रेट ओशन रोड हा २४३ किलोमीटरचा रस्ता म्हणजे खरं तर एक स्मारक. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सुमारे तीन हजार सैनिकांनी १९१९ ते १९३२ या काळात तो बांधला, तोही मुख्यतः कुदळ-फावड्याने. युद्धात मेलेल्या सोबत्यांची आठवण आणि जिवंत परतलेल्यांना रोजगार, अशी दुहेरी सोय. सुरुवातीची काही वर्षं इथे टोल होता. इंस्टाग्रामवर या रस्त्याचे इतके फोटो आहेत की मी त्यावर जास्त लिहीत नाही. दोन मुक्काम, पुढे चला.

खरी गोष्ट पोर्ट ऑगस्टाच्या उत्तरेला सुरू होते. मारी नावाच्या छोट्या गावातून ऊडनाडाटा ट्रॅक निघतो. मार्लापर्यंत सुमारे सहाशे किलोमीटर, सगळा कच्चा. नकाशावर पाहिलं तर तो सरळ जात नाही, एका कमानीसारखा वाकत वाकत जातो. ही कमान जमिनीखालच्या पाण्याने आखली आहे. ऑस्ट्रेलियाच्या जवळपास पाचव्या हिश्श्याखाली भूजलाचा एक प्रचंड साठा आहे, ग्रेट आर्टेशियन बेसिन. पूर्वेच्या डोंगरांवर पडलेला पाऊस खडकांतून झिरपत लाखो वर्षांनी इथे वाळवंटाच्या कडेला झऱ्यांच्या रूपाने वर येतो. झऱ्यांभोवती क्षार आणि गाळ साचून छोट्या टेकाडासारखे उंचवटे तयार झाले आहेत. असे झरे एकामागोमाग एक, माळेसारखे.

ही माळ अराबाना आणि शेजारच्या लोकांना हजारो वर्षं ठाऊक होती. फ्लिंडर्स डोंगरातला लाल गेरू आणायला माणसं शेकडो किलोमीटर चालत यायची, ती याच पाण्याच्या आधाराने. १८५९ मध्ये जॉन मॅक्डुअल स्टुअर्ट हा स्कॉटिश मोजणीदार या झऱ्यांच्या कडेने उत्तरेला सरकला आणि १८६२ मध्ये खंड ओलांडून उत्तर किनाऱ्यावर पोचला. त्याच्या वाटेवर तारयंत्राची लाइन टाकली गेली. ॲडलेड ते डार्विन, सुमारे ३,२०० किलोमीटर, छत्तीस हजारांवर खांब. २२ ऑगस्ट १८७२ रोजी दोन टोकं जोडली गेली. त्या तारेच्या सोबतीने रेल्वे आली: १८८४ मध्ये मारी, १८९१ मध्ये ऊडनाडाटा, १९२९ मध्ये ॲलिस स्प्रिंग्ज. वाफेच्या इंजिनालाही पाणी लागतंच. १९८० मध्ये रेल्वे पश्चिमेला नव्या मार्गावर गेली, जुना लोहमार्ग मोडीत निघाला, आणि मागे राहिलेली वाट आज आमच्यासारखे लोक ‘ॲडव्हेंचर’ म्हणून चालवतात.

सॉफ्टवेअरमध्ये आम्ही याला स्टॅक म्हणतो. वरच्या थरावर काम करणाऱ्याला खालचा थर कुणी लिहिला हे माहीत नसतं. फक्त तो थर कोसळला की सगळं कोसळतं.

तारयंत्राच्या बाबतीत एक गोष्ट मला फार आवडली. विजेचा संदेश लांबवर क्षीण व्हायचा, म्हणून दर अडीचशे-तीनशे किलोमीटरवर एक ठाणं असायचं. तिथला कारकून येणारा संदेश ऐकून, लिहून घेऊन, पुन्हा हाताने पुढे पाठवायचा. म्हणजे राउटरच, फक्त मिशा असलेला. डार्विनहून समुद्राखालची केबल जावाला, तिथून सिंगापूर, मग मद्रास, मग जमिनीवरच्या तारेने मुंबई, आणि मुंबईहून एडनमार्गे लंडन. ॲडलेडच्या व्यापाऱ्याचा लोकरीचा भाव आपल्या मुंबईतून पुढे जात होता.

आणि या ठाण्यांना, खाणींना, मेंढपाळांच्या वाड्यांना पीठ-मीठ पोचवत होते उंट. हे उंट इथले नाहीत. १८६० मध्ये बर्क आणि विल्सच्या मोहिमेसाठी चोवीस उंट कराचीहून जहाजाने मेलबर्नला आणले. १८६६ मध्ये थॉमस एल्डरने शंभराहून जास्त उंट आणि एकतीस माणसं पोर्ट ऑगस्टाला उतरवली. या माणसांना सरसकट ‘अफगाण’ म्हटलं गेलं. प्रत्यक्षात त्यांत बलुच, सिंधी, पंजाबी, पठाण असे कितीतरी होते, म्हणजे बरेचसे तेव्हाच्या ब्रिटिश हिंदुस्थानातलेच. ‘घान’ हे आजच्या आलिशान रेल्वेचं नाव त्याच ‘अफगाण’चा तुकडा.

त्यांतले बरेचजण तीन वर्षांच्या करारावर यायचे. बायको-मुलांना आणायची सोय नसे. मारीमध्ये रेल्वे रुळांच्या एका बाजूला गोऱ्यांची वस्ती, दुसऱ्या बाजूला उंटवाल्यांची आणि आदिवासींची. त्यांनी मातीची मशीद बांधली, शेजारी पाण्याची कुंडी केली आणि खजुराची झाडं लावली. १९०१ नंतर ‘व्हाइट ऑस्ट्रेलिया’ धोरण आलं, आणि ज्यांनी आयुष्य इथे घालवलं त्यांतल्या अनेकांना नागरिकत्व नाकारलं गेलं. मीही ठरावीक मुदतीच्या व्हिसावर इथे आहे आणि नूतनीकरणाच्या ईमेलची वाट बघतो. माझी परिस्थिती त्यांच्याइतकी वाईट नाही, त्याच्या जवळपासही नाही. तरी ‘तीन वर्षांचा करार’ हे शब्द वाचून मी दोन मिनिटं स्क्रीनकडे नुसता बघत बसलो.

त्यांच्यातल्या एकाचं नाव सांगतो. बेजाह दरवेश, मूळचा बलुच. १८९६ च्या कॅल्व्हर्ट मोहिमेत ग्रेट सँडी वाळवंटात दोन गोरे तहानेने मेले, बाकीचे कसेबसे वाचले. उंट सांभाळणाऱ्या बेजाहच्या चिकाटीची जाण ठेवून मोहिमेच्या प्रमुखाने, लॉरेन्स वेल्सने, त्याला आपलं होकायंत्र भेट दिलं. पुढे तो मारीतच राहिला. ट्रक आले तसा हा व्यवसाय संपला. दक्षिण ऑस्ट्रेलियाने १९२५ मध्ये मोकाट उंट मारण्याची मुभा देणारा कायदाच केला. पुष्कळ उंटवाल्यांच्या हातून गोळी घालवली नाही, त्यांनी जनावरं वाळवंटात सोडून दिली. आज रस्त्यावर ‘उंटांपासून सावध’ अशी पाटी दिसते, ती त्यांच्या वंशजांसाठी.

मारीहूनच दुसरा रस्ता निघतो, बर्ड्सव्हिल ट्रॅक. तो मी शीटमधून काढून टाकला. १९६३ च्या डिसेंबरात त्या रस्त्यावर एका कुटुंबाच्या गाडीचं पेट्रोल संपलं. आई, वडील, तीन मुलं. ते गाडी सोडून पाण्याच्या शोधात निघाले आणि पाचही जण तहानेने गेले. तेव्हापासून इथे प्रत्येकजण पहिला नियम हाच सांगतो: काहीही झालं तरी गाडी सोडू नका. विमानातून गाडी दिसते, माणूस दिसत नाही. आमच्या शीटमध्ये माणशी रोज दहा लिटर पाणी आहे, वर एका आठवड्याचं राखीव. नागपूरचा मित्र म्हणाला, “अबे, तंबू ठेवायला जागा उरेल का?” उरली नाही तर एक तंबू राहील मेलबर्नला.

तिसरा टप्पा नलरबोर. नाव लॅटिनमधून बनवलेलं: एकही झाड नाही. एका बाजूला सपाट चुनखडीचं पठार, दुसऱ्या बाजूला समुद्रात कोसळणारे कडे. चुनखडी पाणी धरत नाही, त्यामुळे नदी-ओढा काही नाही. १८४१ मध्ये एडवर्ड जॉन एअर इथून पश्चिमेला निघाला, सोबत जॉन बॅक्स्टर नावाचा गोरा आणि तीन आदिवासी तरुण. पाणी कुठे आहे हे वाटेत भेटलेल्या आदिवासींनी दाखवलं: किनाऱ्यावरच्या वाळूच्या टेकड्यांत खणलं की गोडं पाणी लागतं. आपल्याकडे कोरड्या नदीत झिरा खणतात, तसंच. तेही नसलं की पहाटे झुडपांवरचं दव स्पंजने टिपायचं. एप्रिलच्या शेवटी एका रात्री दोन तरुणांनी बॅक्स्टरला मारलं आणि बंदुका, अन्न घेऊन ते पसार झाले. खाली सलग खडक, त्यामुळे एअरला कबरही खोदता आली नाही. त्याने प्रेत चादरीत गुंडाळलं आणि उरलेल्या एकट्या वायलीसोबत चालत राहिला.

आजचा महामार्ग एअरच्या नावाने आहे, वायलीच्या नाही. हाच एअर पुढे जमैकाचा गव्हर्नर झाला आणि १८६५ चं मोरंट बेचं बंड त्याने चारशेहून जास्त माणसं मारून चिरडलं, हे रस्त्यावरच्या पाट्या सांगत नाहीत. रस्ता झाला तो युद्धाच्या गरजेपोटी १९४१-४२ मध्ये, आणि शेवटचा तुकडा डांबरी व्हायला १९७६ उजाडलं. त्यात १४६.६ किलोमीटरचा एक सलग सरळ पट्टा आहे, एकही वळण नाही. त्याच्या पश्चिम टोकाला बॅलडोनिया. १९७९ च्या जुलैमध्ये स्कायलॅबचे तुकडे याच भागात पडले. घरी आई-बाबांना विचारून बघा, ‘स्कायलॅब पडणार’ म्हणून तेव्हा आपल्याकडे काय घबराट होती. पडली ती इथे, आणि एस्परन्सच्या नगरपालिकेने कचरा टाकल्याबद्दल नासाला ४०० डॉलरचा दंड लावला.

एअर आणि वायली वाचले ते एस्परन्सजवळ. जूनमध्ये त्यांना किनाऱ्यालगत ‘मिसिसिपी’ हे फ्रेंच जहाज दिसलं. कप्तान रॉसिटरने त्यांना जहाजावर घेतलं, खाऊ घातलं, आणि शिधा देऊन पुढे रवाना केलं. जुलैमध्ये ते ऑल्बनीला पोचले. जहाज तिथे होतं, कारण ते देवमाशांच्या शिकारीवर आलं होतं. दक्षिणेच्या थंडीत हे मासे पिल्लं घालायला या किनाऱ्याला येतात. त्या शतकात शिकाऱ्यांनी ते जवळजवळ संपवले. आता शिकार बंद आहे आणि ते हळूहळू परत येताहेत. नलरबोरच्या कड्यावर, हेड ऑफ बाइटला उभं राहिलं की खाली आई आणि पिल्लू शेजारी तरंगताना दिसतात, पण फक्त थंडीतच. आम्ही आधी नोव्हेंबर धरला होता. आता ऑगस्टच्या रजेचे अर्ज टाकलेत, तिघांचे मंजूर झालेत, एकाचा मॅनेजर अजून विचार करतोय.