तळे नितळ कोण ठेवते?

अमेरिकेच्या उत्तर भागात, विस्कॉन्सिन आणि मिशिगन राज्यांत, हिमयुगातील बर्फ मागे हटल्यावर तयार झालेली हजारो तळी आहेत. त्यांतील काहींचे पाणी इतके नितळ असते की बऱ्याच खोलीवरचे दगडही दिसतात. अशा पाण्यात ‘बास’ हा मासा गळाला लावणे सोपे नाही. बास मुख्यतः नजरेने शिकार करतो. म्हणून तेथील मासेमार बारीक, पाण्यात सहजी न दिसणारी दोरी वापरतात आणि तिच्या टोकाला छोटी ‘जिग’ बांधतात. जिग म्हणजे गळावरच ओतलेला शिशाचा गोळा आणि त्याभोवती रबराच्या बारीक पट्ट्यांची झालर. वजन अवघे पाच-सात ग्रॅम. ती तळाशी हळूहळू सरकवली की झिंग्यासारखा दिसणारा क्रेफिश चालल्याचा भास होतो. क्रेफिश हे बासचे आवडते खाद्य.

पाणी नितळ, म्हणून जिग लहान. एवढे सहज समजते. पण मुळात पाणी नितळ का? या प्रश्नाच्या उत्तराचा एक धागा पुन्हा बासपाशीच येतो, आणि तो हाती यायला सुमारे शंभर वर्षे लागली.

जेम्स हेन्शॉल या डॉक्टरने १८८१ साली केवळ बासवर एक पुस्तक लिहिले. त्यात या माशाची माहिती होती आणि तो पकडण्याच्या युक्त्याही होत्या. सहाच वर्षांनी, १८८७ मध्ये, इलिनॉयचे निसर्ग-अभ्यासक स्टीफन फोर्ब्ज यांनी एक निबंध सादर केला. तळे हे स्वतःच एक छोटे विश्व आहे, असे त्यात मांडले होते. फोर्ब्ज यांनी अनेक जातींच्या माशांची पोटे फाडून आतले अन्न तपासले होते. उदाहरण म्हणून त्यांनी बासच घेतला. नुसता बास पाहून बास कळणार नाही. तो काय खातो, त्याचे भक्ष्य काय खाते, त्याचे स्पर्धक कोण, हे सारे पाहावे लागेल, असे त्यांचे म्हणणे होते.

पुढे मात्र बरीच दशके अभ्यासकांचा भर खालून वर जाणाऱ्या साखळीवर राहिला. पाण्यात फॉस्फरस, नायट्रोजन वाढले की सूक्ष्म शैवाल वाढते आणि पाणी हिरवे, गढूळ होते. हे खरेच आहे. पण वरून खालीही काही घडत असेल का? १९६५ मध्ये ब्रूक्स आणि डॉडसन यांनी कनेक्टिकट राज्यातील तळ्यांची तुलना केली. प्लवक खाणारा एक मासा जेथे होता तेथे मोठ्या आकाराचे प्राणीप्लवक जवळजवळ नाहीसे झाले होते आणि लहान तेवढे उरले होते. डॅफ्नियासारखे मोठे प्लवक शैवालाचा फडशा पाडतात, हे लक्षात घेतले म्हणजे या निरीक्षणाचे महत्त्व कळते.

आता हवा होता प्रयोग. त्याची जागा आधीच तयार होती. १९५१ साली आर्थर हॅस्लर यांनी मिशिगनमधील एका तळ्याच्या मध्ये मातीचा बांध घालून त्याचे ‘पीटर’ आणि ‘पॉल’ असे दोन भाग केले होते. तपकिरी पाणी चुन्याने निवळते का, हे त्यांना पाहायचे होते. चुना एकाच भागात टाकला. दुसरा तुलनेसाठी तसाच ठेवला. १९८५ मध्ये स्टीफन कार्पेंटर, जेम्स किचेल आणि सहकाऱ्यांनी हीच रीत माशांसाठी वापरली. जवळच्या ‘ट्यूजडे’ तळ्यातील बहुतेक छोटे मासे काढून तेथे मोठ्या तोंडाचा बास सोडला. पीटरमधील बहुतेक बास काढून तेथे छोटे मासे सोडले. पॉलला हात लावला नाही.

ट्यूजडे तळ्यात अपेक्षेप्रमाणे घडले. छोटे मासे घटले, मोठे प्राणीप्लवक वाढले आणि शैवाल कमी झाले. पीटरमध्ये मात्र गंमत झाली. छोटे मासे उरलेल्या बासच्या भीतीने काठाच्या उथळ पाण्यात दडून बसले, त्यामुळे आधी प्लवक वाढलेच. नंतर बासची असंख्य पिल्ले निपजली आणि त्यांनी प्लवक खाऊन टाकले. तोच मासा लहानपणी पाणी हिरवे करण्यास हातभार लावतो, आणि मोठेपणी निवळण्यास!

येथे गळ टाकणाऱ्याचा संबंध येतो. मोठा बास पकडून घरी नेला की तळ्यातून फक्त एक मासा जात नाही. अन्नजाळ्याच्या टोकावरचा एक पहारेकरी जातो. अमेरिकेतील बास-स्पर्धांमध्ये पकडलेला मासा जिवंत सोडण्याची चळवळ १९७२ मध्ये सुरू झाली. पुढे मासे शिल्लक राहावेत, एवढाच तिचा हेतू होता. त्या सवयीचा पाण्याच्या रंगाशीही संबंध असू शकतो, हे नंतर उमगले. अर्थात शेतातील खत आणि सांडपाणी येतच राहिले, तर एकटा बास काही करू शकत नाही.

वर्गासाठी एक काम. २० सेंटिमीटर व्यासाची पत्र्याची तबकडी घ्या. तिचे चार भाग करून ते आळीपाळीने काळे-पांढरे रंगवा. खाली वजन बांधून खुणा केलेल्या दोरीने ती तळ्यात सोडा आणि दिसेनाशी होते ती खोली मोजा. इटलीतील अँजेलो सेची यांनी १८६५ मध्ये समुद्रात पांढऱ्या तबकड्या सोडून हीच युक्ती पारखली होती. वर्षभर दर महिन्याला नोंद ठेवा. आकडा बदलला तर मुलांना विचारा: गाळ वाढला, शैवाल वाढले, की कोणी कोणाला खाल्ले?