ठोकळे किती आणि निर्णय किती

एप्रिल २०१४ मध्ये डेन्मार्कच्या सरकारी भूमापन खात्याने आपला अख्खा देश 'माइनक्राफ्ट' या व्हिडिओ गेममध्ये उतरवला. या खेळातला प्रत्येक ठोकळा एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि एक मीटर उंच धरतात. डेन्मार्कचं क्षेत्रफळ सुमारे ४३,००० चौरस किलोमीटर. म्हणजे ठोकळ्यांचा एकच थर द्यायचा म्हटला तरी ४,३०० कोटी लागणार, आणि पोटातल्या थरांसकट हिशेब मांडला तर आकडा चार लाख कोटींच्या घरात जातो. सहा वर्षांनी, मार्च २०२० मध्ये, 'रिपोर्टर्स विदाउट बॉर्डर्स' या संस्थेसाठी 'ब्लॉकवर्क्स' नावाच्या गटाने याच खेळात एक ग्रंथालय बांधलं. पत्रकारांची संकेतस्थळं बंद पाडणाऱ्या काही देशांत हा खेळ मात्र चालू होता, म्हणून दडपलेले लेख वाचकांपर्यंत पोचवायला ही आडवाट शोधली गेली. १६ देशांतल्या २४ जणांनी २५० तासांहून जास्त खपून ते उभारलं, आणि त्यात सुमारे सव्वा कोटी ठोकळे आहेत. डेन्मार्कच्या बेरजेपुढे ही चिल्लरसुद्धा नव्हे. तरीही या खेळातल्या बांधकामांचा इतिहास लिहायला बसलं तर मानाचं पान ग्रंथालयाला द्यावं लागेल. डेन्मार्कची नोंद नकाशांच्या इतिहासात शोभते. हा पक्षपात वाटेल, पण त्याला कारण आहे. या खेळात एखादं बांधकाम किती मोठं, हे त्यातल्या ठोकळ्यांवरून कळत नाही. ते रचताना माणसांना किती गोष्टी ठरवाव्या लागल्या, यावरून कळतं. २००९ पासूनचा सगळा प्रवास तपासला तर हेच दिसतं, असं माझं म्हणणं आहे.

मार्कुस पेर्सोन या स्वीडिश प्रोग्रामरने १७ मे २००९ रोजी खेळाची पहिली कच्ची आवृत्ती लोकांसमोर ठेवली. 'इन्फिनिमायनर' या थोड्याच आधी आलेल्या खेळाचं ऋण तिच्यावर उघड होतं. सुरुवातीला ठोकळे फुकट होते, हवे तेवढे. पुढे जगून दाखवण्याचा प्रकार आला, आणि त्यात प्रत्येक दगड आधी खणावा आणि मग लावावा लागे. मुख्य आवृत्तीत पुन्हा अमर्याद सामान देणारा 'क्रिएटिव्ह' प्रकार सप्टेंबर २०११ मध्ये आला. जगाची उंची तेव्हा तळापासून माथ्यापर्यंत १२८ ठोकळे, बस्स. या अवघडलेल्या काळातच, २०१० च्या सप्टेंबरात, एका हौशी खेळाडूने 'स्टार ट्रेक' मालिकेतलं एंटरप्राइझ हे अंतराळयान खऱ्या मापाने बांधायला घेतल्याची चित्रफीत जगभर फिरली. मालिकेच्या हिशेबाने हे यान सहाशे मीटरहून लांब. पाहणारे थक्क झाले ते लांबी पाहून. पण त्या लांबीमागे आराखडा होता, हे जास्त महत्त्वाचं. इतकी मोठी वक्र तबकडी कुणी अंदाजपंचे, नजरेच्या मापाने लावत जात नाही. दहाव्या थरात एक ठोकळा सरकला तर पन्नासाव्या थरात तो चुकीचा कोपरा होऊन बाहेर डोकावतो.

वक्राचा हा प्रश्न जवळून पाहण्यासारखा आहे. चौकोनी ठोकळ्यांनी वर्तुळ काढता येत नाही, फक्त वर्तुळाचा भास करता येतो. सात ठोकळ्यांचा व्यास घेतला तर ओळी अशा पडतात: तीन, पाच, सात, सात, सात, पाच, तीन. हे सोपं आहे, आणि व्यास वाढला की ओळींचे तक्ते करून देणारी साधनंही आहेत. कोड्यात टाकतो तो आधीचा प्रश्न: व्यास सम घ्यायचा की विषम? विषम घेतला तर मधोमध एकच ठोकळा येतो आणि घुमटावर एका ठोकळ्याचा नाजूक कळस चढवता येतो. पण मग खाली नेमक्या मध्यावर दोन फळ्यांचं दार बसत नाही, कारण त्याला दोन ठोकळ्यांची जागा लागते. सम घेतला तर दार बसतं आणि कळस चार ठोकळ्यांचा, बोजड होतो. पायाची पहिली ओळ टाकायच्या आत हे ठरवावं लागतं, आणि एकदा ठरलं की खांबांमधलं अंतर, खिडक्यांची संख्या, पायऱ्यांची रुंदी सगळं त्याच्यामागून फरफटत येतं. ग्रंथालयासारख्या घुमटाच्या आणि खांबांच्या अभिजात शैलीतल्या इमारतीत असे निर्णय पावलोपावली येतात. डेन्मार्कच्या नकाशात ते कुणाच्याच वाट्याला आले नाहीत. उंची मोजलेली, रस्ते मोजलेले, घरांच्या बाह्यरेषा मोजलेल्या. ती आकडेवारी संगणकाने ठोकळ्यांत बदलली. ब्रिटनच्या 'ऑर्डनन्स सर्व्हे'ने २०१३ मध्ये २,२०० कोटी ठोकळ्यांचं ब्रिटन केलं तेही असंच. दोन्ही कामं हुशारीची आणि शाळांना उपयोगी पडणारी, यात वाद नाही.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे. संगणकाची मदत घेतली म्हणून डेन्मार्कला बाद करायचं तर बाकीच्यांनी तरी काय हातांनी केलं आहे? आक्षेपात तथ्य आहे. 'एमसीएडिट' हा प्रोग्राम खेळाच्या बाहेर राहून साठवलेलं जग उघडायचा, कापायचा, जोडायचा. 'वर्ल्डएडिट' हे त्याहून जास्त वापरात आलेलं साधन. त्यात हातात लाकडी कुऱ्हाड धरून एका कोपऱ्यावर डावं बटण आणि समोरच्या कोपऱ्यावर उजवं बटण दाबलं, एक आज्ञा टंकली, की मधली सगळी जागा दगडाने भरते. चुकलं तर दुसऱ्या आज्ञेने सगळं मागे. जुन्या खेळाडूंनी नाकं मुरडली ती यावरच: आता यात राहिलं काय? माझ्या मते जे राहिलं तेच मुळात बांधकाम होतं. कुऱ्हाडीने भिंत भरते, पण ती कुठल्या कोपऱ्यापासून कुठल्या कोपऱ्यापर्यंत न्यायची, हे कुऱ्हाडीला विचारता येत नाही. साधनाने पुनरुक्तीचे श्रम काढून घेतले आणि ठरवण्याचं काम उघडं पाडलं. त्याचा पुरावा त्या साधनाच्या खास दोषात आहे. एक घर नीट बांधून त्याच्या चाळीस नकला चिकटवलेलं शहर पाहणाऱ्याला पहिल्या मिनिटात ओळखू येतं, आणि दुसऱ्या मिनिटाला तो तिथून निघतो. ठोकळे चाळीस घरांचे असतात, निर्णय एका घराचे.

हे दुखणं सामूहिक कामांनी फार लवकर ओळखलं. टोल्किनच्या कादंबऱ्यांतली भूमी रचणारा 'माइनक्राफ्ट मिडल-अर्थ' २०१० चा. 'गेम ऑफ थ्रोन्स'मुळे घरोघरी पोचलेलं वेस्टरोस हे जग रचणारा 'वेस्टरोसक्राफ्ट' २०११ चा. कुठल्याच कादंबरीचा आधार न घेता अमेरिकन धाटणीचं आधुनिक शहर वाढवत नेणारं 'ग्रीनफील्ड'ही २०११ चंच. ही कामं अजून संपलेली नाहीत. इतकी वर्षं शेकडो स्वयंसेवक येतात आणि जातात, तेव्हा काम टिकतं ते नियमांवर. वेस्टरोसक्राफ्टमध्ये नव्या माणसाला आधी आपलं काम दाखवून अर्ज करावा लागतो, मग उमेदवारीत छोटी कामं मिळतात, आणि त्यातून तो वर चढतो. प्रदेशागणिक शैली ठरलेली, कुठे कुठला दगड आणि कुठलं लाकूड चालेल तेही ठरलेलं. राजधानीच्या गल्ल्यांतल्या घरांना आतून खोल्या आहेत, खोल्यांत सामान आहे. कुंभार राहतो की खाटीक, हे आत शिरल्यावर कळावं अशी अपेक्षा. डोंगर आणि जंगलं साधनांनी झपाट्याने घालतात, तो वेळ घरांवर खर्च करता यावा म्हणून. सार्वजनिक बांधकाम खात्यात शोभेल अशी ही उतरंड खेळात आली, आणि गंमत म्हणजे पगार कुणालाच नाही.

दुसरा आक्षेप उलट्या बाजूने येतो. फुकट सामान घेऊन निर्णयांच्या गप्पा मारणं सोपं. खरी कसोटी जगून दाखवण्याच्या प्रकारात, जिथे प्रत्येक ठोकळा कमवावा लागतो. मग माप श्रमांचं का नको? श्रमांबद्दल मला आदर आहे, आणि ते थोडे नसतात. जून २०१७ पासून खेळात रंगीत काँक्रीट आहे. चार ठोकळे वाळू, चार ठोकळे खडी आणि एक रंग मिळून आठ ठोकळे पूड होते; ती पाण्याला लावली की घट्ट होते; मग ती फोडून उचलायची. एका जोडपेटीत ६४ च्या ५४ थप्प्या, म्हणजे ३,४५६ ठोकळे मावतात. लाखभर ठोकळ्यांची इमारत म्हटली की २९ पेट्या, आणि त्यांच्यामागे वाळूची तेवढीच उजाड झालेली किनारपट्टी. पण याच प्रकाराचा इतिहास पाहिला तर श्रम वर्षागणिक घटत गेले आणि इमारती वाढत गेल्या. २०१२ मध्ये आलेल्या 'बीकन'मुळे चांगल्या कुदळीखाली दगड क्षणात फुटू लागला. नोव्हेंबर २०१६ मध्ये 'शल्कर' पेट्या आल्या. त्या भरलेल्याच उचलता येतात, प्रत्येकीत १,७२८ ठोकळे. एका जोडपेटीत आता ९३,३१२ ठोकळे राहू लागले. आणि मोठं काम करणारे काय करतात? आधी फुकट सामानाच्या जगात इमारत पूर्ण बांधून पाहतात, मोडतात, पुन्हा बांधतात. मग तिची पारदर्शक छाया 'लाइटमॅटिका'सारख्या साधनाने खऱ्या जगात पाडून त्या छायेत एकेक ठोकळा बसवतात. म्हणजे ज्यांनी घाम गाळण्याची अट स्वतःहून पत्करली, त्यांनीही ठरवणं आणि राबणं वेगळं केलं, आणि ठरवणं आधी ठेवलं.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो, आणि तो वजनाबद्दलच आहे. या खेळात वाळू आणि खडी खाली पडते, दगड पडत नाही. खालचे खांब काढून घेतले तरी अख्खं देऊळ हवेत तरंगत राहतं. जिथे भार नाही तिथे वास्तुकला कसली? हे नेपथ्य आहे, असं कुणी म्हटलं तर मी हुज्जत घालणार नाही. अभियांत्रिकी यात नाहीच. पण भार नसताना जाणते रचनाकार खांब का उभारतात, कमानींना टेकू का देतात, हे पाहण्यासारखं आहे. आधार नसलेली कमान पाहणाऱ्याच्या डोळ्याला खुपते, म्हणून. प्रत्यक्षातल्या इमारतीत कित्येक खांब कुठे हवेत ते भारच सांगतो. इथे तसं सांगणारं कुणी नसल्याने प्रत्येक खांब कुणीतरी स्वतः ठरवलेला असतो. या खेळाला सैलपणा आहे म्हणून निर्णय कमी होत नाहीत, वाढतात. आणि हे फक्त मोठ्या कामांपुरतं नाही. संयुक्त राष्ट्रांच्या 'यूएन-हॅबिटॅट'ने खेळाच्या कंपनीबरोबर २०१२ मध्ये 'ब्लॉक बाय ब्लॉक' हा उपक्रम काढला. नैरोबीच्या किबेरा वस्तीपासून सुरू झालेला हा उपक्रम पुढे मुंबईतही आला. वस्तीतल्या लोकांनी आपल्या मोकळ्या जागेचा नमुना ठोकळ्यांत करायचा आणि दिवा कुठे, बाक कुठे, वाट कुठून, यावर त्याच नमुन्यात भांडायचं, अशी त्याची रीत. ठोकळे मोजायला गेलं तर त्यात नाव घेण्यासारखं काही नाही. मोठ्या नकाशांना जमलं नाही ते मात्र तिथे होतं.

डेन्मार्कचं पुढे काय झालं, तेही या वादात साक्षीला काढता येतं. मे २०१४ मध्ये काही खोडकरांनी त्या नकाशात शिरून इमारती उडवल्या आणि अमेरिकेचे झेंडे रोवले. साधी सुरुंगाची दारू खात्याने बंद ठेवली होती. खाणीतल्या गाडीत भरलेली दारू बंद करायची राहून गेली होती. बातम्या खूप झाल्या, पण खात्याला त्याचं फारसं काही वाटलं नाही, आणि वाटायचं कारणही नव्हतं. सगळी माहिती जागेवर होती. उडालेला भाग तिच्यातून पुन्हा भरता येत होता. वेस्टरोसक्राफ्टची एक गल्ली अशी उडाली आणि तिची प्रत कुठे ठेवलेली नसली, तर ती कुठल्याही सरकारी आकडेवारीतून परत येणार नाही.

मार्च २०२० मध्ये सुरू झालेल्या 'बिल्ड द अर्थ'ने या दोन वाटा एकत्र आणल्या. अख्खी पृथ्वी खऱ्या मापाने रचायची, हा त्याचा बेत. उंचीची मर्यादा तेव्हा २५६ ठोकळे होती, आणि एव्हरेस्ट ८,८४९ मीटर. तेव्हा आधी ती मर्यादा मोडणारी जोडणी लागली. दुसरी जोडणी 'ओपनस्ट्रीटमॅप'सारख्या खुल्या नकाशांतून जमीन, रस्ते आणि घरांच्या बाह्यरेषा ओतते. इथवर ते डेन्मार्कच. त्यानंतर देशोदेशीचे स्वयंसेवक छायाचित्रं समोर ठेवून मजले मोजतात, भिंतीच्या रंगाला कुठला ठोकळा जवळचा ते शोधतात, आणि पाऊण मीटरची गॅलरी एक मीटरच्या ठोकळ्यात दाखवायची की गाळायची, हे घरागणिक ठरवतात. पृथ्वीवरची घरं किती, याचा विचार केला तर हे काम पुरं होण्याची चिन्हं नाहीत. डोंगर आणि समुद्र तर संगणकाने पहिल्याच दिवसापासून तयार ठेवले आहेत.