लाईट गेली की मेमरी संपली?

मागच्या मे महिन्यात चोपड्याला घरी होतो. तिथल्या जुन्या डेस्कटॉपवर लिनक्स आहे. त्यावर रात्रभराचं सिम्युलेशन लावलं आणि गच्चीवर झोपायला गेलो. सकाळी मशीन बंद. रात्री लाईट गेली होती, म्हणून घरात सगळ्यांनी दोष तिलाच दिला. पण निकालाच्या फाइलमधली शेवटची ओळ साडेबाराची, आणि लाईट गेली अडीचनंतर. मधल्या दोन तासांत काय झालं? जर्नलसीटीएलकडे आधीच्या बूटच्या नोंदी मागितल्या. एकही नाही!

असं का झालं हे कळायला थोडं मागे जाऊ. १९८० च्या दशकात बर्कलीला एरिक ऑलमन सेंडमेल हा ईमेल पोचवणारा प्रोग्रॅम लिहीत होता. त्याच्या नोंदींसाठी त्याने सिसलॉग तयार केला आणि पुढे बाकीचं युनिक्सही तो वापरू लागलं. ते मूळ अजून दिसतं. नोंद कुठून आली याला क्रमांक असतो: कर्नल ०, आणि ईमेलला थेट २. ८ क्रमांक यूयूसीपीचा, म्हणजे फोनलाइनवरून संगणक जोडून पत्रं पाठवायची पद्धत. मुंबईत एनसीएसटी आणि आयआयटी यांच्यात ईमेल सुरू झाली तीही त्याच दशकात, याच पद्धतीने. तो क्रमांक आजही राखून ठेवलेला आहे. दुसरा आकडा गांभीर्याचा, ० ते ७. जितका लहान तितकं प्रकरण गंभीर.

गंमत म्हणजे वीसेक वर्षं हे सगळं रूढीवरच चाललं. २००१ चा आरएफसी ३१६४ सुद्धा चालत आलेल्या पद्धतीचं वर्णनच करतो. त्या जुन्या नोंदीत महिना, तारीख, वेळ असते, वर्ष नसतं. पीएचडीच्या चौथ्या वर्षी पहिल्या वर्षाचे लॉग उघडाल तेव्हा मला आठवाल! वर्ष आणि टाइमझोन आले २००९ च्या आरएफसी ५४२४ मध्ये.

२०११ मध्ये सिस्टमडीवाल्यांनी जर्नल आणलं, नोंदी बायनरी फाइलमध्ये ठेवणारं. त्याचं मूळ सेटिंग 'ऑटो' होतं: व्हार-लॉगमध्ये जर्नल नावाची डिरेक्टरी असेल तर नोंदी डिस्कवर, नसेल तर फक्त मेमरीत. बऱ्याच डिस्ट्रो ती करून देतात. माझ्या मशीनवर नव्हती. तुमच्याकडे आहे का, आत्ताच बघा. मी ती केली आणि फ्लश दिला. तरीही साध्या नोंदी डिस्कवर पक्क्या व्हायला पाच मिनिटांपर्यंत वेळ जाऊ शकतो, म्हणजे लाईट जाण्याआधीचे शेवटचे क्षण हातचे जाऊ शकतात.

सिम्युलेशन पुन्हा लावलं. सकाळी पातळी ३ पर्यंतच्या नोंदी मागवल्या. त्याच टप्प्यावर मेमरी संपली म्हणून कर्नलने माझी प्रोसेस मारून टाकली होती. लाईट त्या रात्री गेलीच नव्हती.