कायदा आधी, हक्क नंतर

२४ जून २०२२ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचा हक्क देणारा १९७३ चा 'रो विरुद्ध वेड' निकाल रद्द केला. पार्सिपनीत त्याची थेट झळ लागली नाही, कारण न्यू जर्सीने त्याच जानेवारीत हा हक्क राज्याच्या कायद्यात नोंदवला होता. पण कॉलेजसाठी टेक्सासला गेलेल्या मुलीचे काय? अशा वेळी "आपल्याकडे हा वाद १९७१ सालीच मिटला" असे आपण अभिमानाने म्हणतो. इतिहास इतका सरळ नाही.

१८६० च्या दंडसंहितेनुसार आईचा जीव वाचवण्याखेरीज केलेला गर्भपात गुन्हा होता. शिक्षा खुद्द स्त्रीलाही होती. पुनर्विवाह नाकारलेल्या विधवांची त्यात कोंडी झाली. १८६३ साली जोतीराव-सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. १८८१ साली सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेला बालहत्येबद्दल फाशी सुनावली गेली, पुढे ती कमी झाली. त्या संतापातून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 'स्त्रीपुरुषतुलना' (१८८२) लिहून पुरुषांना जाब विचारला. १९२१ साली र. धों. कर्वे यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र उघडले.

मात्र १९७१ चा कायदा स्त्रियांच्या मोर्चांतून आला नाही. १९६४ साली महाराष्ट्राचे मंत्री शांतिलाल शाह यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. चोरून केलेल्या गर्भपातांत दगावणाऱ्या स्त्रिया हे तिचे कारण. लोकसंख्येची चिंताही पाठीशी होतीच. म्हणून निर्णय डॉक्टरच्या मतावर राहिला आणि संततिनियमनाचे साधन फसल्याची सबब फक्त विवाहितेला मिळाली.

स्त्री-चळवळीची खरी कसोटी ऐंशीच्या दशकात लागली. मुंबईत गर्भजलपरीक्षेच्या जाहिराती झळकू लागल्या आणि मुलीचा गर्भ पाडण्यासाठी याच कायद्याची आड घेतली जाऊ लागली. लिंगनिदानविरोधी मंचाच्या कार्यकर्त्यांनी कठीण वाट धरली: बंदी लिंगनिदानावर हवी, गर्भपातावर नको. त्यांच्या रेट्यामुळे १९८८ साली महाराष्ट्राने देशातला पहिला लिंगनिदानविरोधी कायदा केला. केंद्राचा १९९४ साली आला. तरीही राज्यात सहा वर्षांखालील दर हजार मुलांमागे मुली १९९१ मध्ये ९४६ होत्या, त्या २००१ मध्ये ९१३ झाल्या. त्याच काळात पुण्याची 'मासूम', मुंबईची 'सेहत' आणि डॉ. साबू जॉर्ज सर्वोच्च न्यायालयात गेले.

२०२१ च्या दुरुस्तीने ठरावीक स्त्रियांसाठी मुदत २० वरून २४ आठवडे झाली. २०२२ साली न्यायालयाने अविवाहितांनाही त्यात धरले. निर्णय अजूनही डॉक्टरच्याच हाती आहे. अमेरिकेत हक्क होता, त्याला केंद्रीय कायद्याचा आधार नव्हता. भारतात कायदा आहे, हक्क अजून अर्धाच आहे. आपल्या मुलींना दोन्ही गोष्टी सांगायला हव्यात.