गर्भाशय शस्त्रक्रिया आणि ऊसतोड महिला कामगारांचे दीर्घकालीन आरोग्य (बीड जिल्हा)

महाराष्ट्रातील बीड जिल्ह्यातून ऊसतोडीसाठी हंगामी स्थलांतर करणाऱ्या महिलांमध्ये तरुण वयात गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियांचे प्रमाण देशाच्या सरासरीपेक्षा कितीतरी अधिक असल्याचे इ.स. २०१९ मध्ये उघड झाले. या शस्त्रक्रियेला वैद्यकीय परिभाषेत गर्भाशय-उच्छेदन किंवा हिस्टरेक्टमी म्हणतात. बोलीभाषेत ‘पिशवी काढणे’ असा शब्दप्रयोग रूढ आहे. शस्त्रक्रियेमुळे मासिक पाळी व तिच्याशी संबंधित तक्रारी थांबतात. मात्र अंडाशयांचे कार्य बंद पडल्यास किंवा मंदावल्यास शरीरातील संप्रेरकांचे संतुलन बदलते आणि हाडे, हृदय, रक्तवाहिन्या व चयापचय यांवर पुढील अनेक दशके परिणाम होतो. अपुरा आहार, रक्तक्षय आणि कष्टाचे काम यांमुळे हे परिणाम अधिक तीव्र होऊ शकतात.

पार्श्वभूमी

बीड जिल्हा मराठवाड्यातील पर्जन्यछायेच्या प्रदेशात मोडतो. बालाघाटच्या डोंगररांगेतील कोरडवाहू शेती आणि वारंवार पडणारा दुष्काळ यांमुळे पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, केज, धारूर, वडवणी आदी तालुक्यांतून मोठ्या संख्येने कुटुंबे ऊसतोडीला जातात. साधारणपणे ऑक्टोबर-नोव्हेंबर ते मार्च-एप्रिल या काळात ही कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रातील तसेच कर्नाटकातील साखर कारखान्यांच्या क्षेत्रात राहतात.

मजुरीचा व्यवहार बहुधा पती-पत्नीच्या जोडीवर होतो. या जोडीला ‘कोयता’ म्हणतात. हंगामापूर्वी मुकादम कोयत्याला ‘उचल’ म्हणजे आगाऊ रक्कम देतो व ती कामातून फेडावी लागते. कामावर न गेल्यास ‘खाडा’ धरला जातो आणि त्यापोटी रक्कम कापली जाते. त्यामुळे पाळीच्या काळातील वेदना, गर्भारपण किंवा आजारपण यांसाठी विश्रांती घेणे महिलांना आर्थिकदृष्ट्या परवडत नाही. पुरुष आणि स्त्रिया दोघेही ऊस तोडतात. मोळ्या बांधणे, त्या डोक्यावरून वाहून नेणे व वाहनात भरणे ही कामेही महिला करतात. शिवाय पहाटे उठून स्वयंपाक करणे आणि पाणी भरणे हे त्यांच्याकडेच असते. फडाजवळच्या कोप्यांमध्ये स्वच्छतागृह, स्नानाची आडोशाची जागा व पुरेसे स्वच्छ पाणी यांची वानवा असते.

शस्त्रक्रियेची कारणे

अंगावरून पांढरे जाणे, ओटीपोटात दुखणे, पाळीत अतिरक्तस्राव होणे व अनियमित पाळी या तक्रारी घेऊन महिला डॉक्टरांकडे जातात. यांतील अनेक तक्रारी जननमार्गाच्या जंतुसंसर्गामुळे उद्भवतात व त्यांवर प्रतिजैविकांनी उपचार होऊ शकतो. अतिरक्तस्रावावरही गोळ्या, संप्रेरकयुक्त तांबी यांसारखे पर्याय उपलब्ध आहेत. परंतु त्यासाठी पुन्हा पुन्हा तपासणीला जावे लागते, आणि सहा महिने गावाबाहेर असणाऱ्या मजूर महिलेला ते साधत नाही. कर्करोगाची भीती, लवकर झालेला विवाह, कमी वयात झालेली बाळंतपणे व कुटुंबनियोजन शस्त्रक्रिया यांमुळे ‘आता पिशवीची गरज नाही’ असा समज दृढ होतो. खासगी रुग्णालयांतील शस्त्रक्रियेसाठी पुन्हा कर्ज किंवा उचल घेतली जाते. मुकादम शस्त्रक्रियेसाठी दबाव आणतात, असे आरोप प्रसारमाध्यमांतून झाले. मुकादमांनी ते नाकारले. प्रत्यक्ष सक्ती नसली तरी खाड्याची भीती आणि कर्ज यांमुळे महिलेच्या निवडीचे स्वातंत्र्य मर्यादित होते, असे या क्षेत्रात काम करणाऱ्या महिला संघटनांचे म्हणणे आहे.

प्रमाण

एप्रिल २०१९ मध्ये या विषयावरील वृत्ते प्रसिद्ध झाल्यानंतर राष्ट्रीय महिला आयोगाने राज्य शासनाला नोटीस बजावली. जून २०१९ मध्ये तत्कालीन आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी विधिमंडळात दिलेल्या माहितीनुसार, बीड जिल्ह्यात मागील तीन वर्षांत ४,६०५ गर्भाशय शस्त्रक्रिया झाल्या होत्या. त्यानंतर नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. आरोग्य यंत्रणेने केलेल्या सर्वेक्षणात ८२,३०९ ऊसतोड महिलांची माहिती घेण्यात आली. त्यांपैकी १३,८६१ महिलांची, म्हणजे सुमारे १७ टक्के महिलांची, गर्भाशय शस्त्रक्रिया झालेली होती. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत (२०१५-१६) १५ ते ४९ वयोगटातील महिलांमध्ये हे प्रमाण देशपातळीवर सुमारे ३ टक्के होते.

शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ६,३१४ महिलांनी, म्हणजे सुमारे ४५ टक्के महिलांनी, त्यानंतर शारीरिक किंवा मानसिक त्रास होत असल्याचे सांगितले. ओटीपोट, कंबर व गुडघे दुखणे या त्यांतील प्रमुख तक्रारी होत्या.

संप्रेरके व चयापचयावरील परिणाम

गर्भाशय आणि अंडाशय हे वेगवेगळे अवयव आहेत. इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरोन ही संप्रेरके मुख्यतः अंडाशयांत तयार होतात. त्यामुळे शस्त्रक्रियेत अंडाशये ठेवली की काढली, यावर पुढील परिणामांचे स्वरूप अवलंबून असते. आपली अंडाशये ठेवली आहेत की काढली आहेत हे रुग्णाला ठाऊक असणे व शस्त्रक्रियेची कागदपत्रे जपून ठेवणे म्हणूनच महत्त्वाचे ठरते.

दोन्ही अंडाशये काढल्यास

दोन्ही अंडाशये काढल्यास इस्ट्रोजेनची पातळी काही दिवसांतच एकदम खाली येते. याला शस्त्रक्रियाजन्य रजोनिवृत्ती म्हणतात. नैसर्गिक रजोनिवृत्तीत हा बदल काही वर्षांत हळूहळू होतो आणि त्यानंतरही अंडाशये अल्प प्रमाणात संप्रेरके तयार करत राहतात. अचानक झालेल्या बदलामुळे अंगातून वाफा निघाल्यासारखे वाटणे, घाम येणे, झोप न लागणे, चिडचिड, योनिमार्गाचा कोरडेपणा व मूत्रमार्गाच्या तक्रारी उद्भवतात. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ४५ वर्षांपूर्वी दोन्ही अंडाशये काढलेल्या महिलांमध्ये मृत्यूचा धोका दीड पटीहून अधिक आढळला. ज्यांना नंतर इस्ट्रोजेन दिले गेले नव्हते, त्यांच्यात ही वाढ प्रामुख्याने दिसली.

अंडाशये ठेवल्यास

अंडाशये शाबूत राहिली तरी त्यांना होणाऱ्या रक्तपुरवठ्याचा काही भाग गर्भाशयाकडील रक्तवाहिन्यांतून येत असल्याने तो कमी होऊ शकतो. अशा महिलांमध्ये रजोनिवृत्ती काही वर्षे आधी येण्याची शक्यता वाढते. पाळी आधीच थांबलेली असल्याने हा बदल लक्षात येत नाही. मेयो क्लिनिकच्या २०१८ मधील अभ्यासात गर्भाशय काढून अंडाशये ठेवलेल्या २,०९४ महिलांचा सुमारे २२ वर्षे मागोवा घेण्यात आला. त्यांच्यात रक्तातील मेदाचे विकार, उच्च रक्तदाब, स्थूलता व हृदयधमनीविकार यांचे प्रमाण तुलनेच्या गटापेक्षा अधिक आढळले. ज्यांची शस्त्रक्रिया वयाच्या ३५ वर्षांपर्यंत झाली होती, त्यांच्यात हृदयधमनीविकाराचा धोका सुमारे अडीच पट होता. हा अभ्यास निरीक्षणात्मक असून अमेरिकेतील लोकसंख्येवर झालेला आहे. त्यामुळे त्यातील आकडे बीडमधील महिलांना जसेच्या तसे लागू करता येत नाहीत. मात्र शस्त्रक्रियेच्या वेळचे वय जितके कमी तितका धोका अधिक, ही दिशा त्यातून स्पष्ट होते.

शरीरातील यंत्रणा

हाडांची झीज व भर सतत चालू असते. इस्ट्रोजेन हाडे झिजवणाऱ्या पेशींना आवर घालते. ते कमी झाल्यावर हाडांची घनता घटते व ती ठिसूळ होतात. यकृत रक्तातील घातक कोलेस्टेरॉल शोषून घेते, त्यालाही इस्ट्रोजेनचे साहाय्य असते. त्याच्या अभावी कोलेस्टेरॉल वाढते, रक्तवाहिन्यांची लवचीकता कमी होते आणि मेद मांड्या-नितंबांऐवजी पोटाभोवती साठू लागतो. पोटाभोवतीच्या मेदामुळे पेशींचा इन्शुलिनला मिळणारा प्रतिसाद मंदावतो व मधुमेहाचा धोका वाढतो. सडपातळ दिसणाऱ्या, कष्टकरी महिलेतही हे बदल होऊ शकतात. डोक्यावरून जड मोळ्या वाहणाऱ्या महिलांच्या कंबरदुखीला कामाचा ताण व हाडांची झीज ही दोन्ही कारणे असू शकतात. केवळ वेदनाशामक गोळ्या घेतल्यास दुसरे कारण दुर्लक्षित राहते.

आहाराची भूमिका

ऊसतोडीच्या हंगामातील जेवणात बाजरी किंवा ज्वारीची भाकरी, चटणी किंवा ठेचा व एखादे कोरड्यास यांचा भर असतो. दूध, डाळी, अंडी, पालेभाज्या व फळे तुलनेने कमी मिळतात. बाजरीत लोह चांगल्या प्रमाणात असते. परंतु धान्यातील फायटेट नावाच्या घटकामुळे त्याचे शोषण कमी होते. जेवणाबरोबर लिंबू, आवळा किंवा पेरू घेतल्यास शोषण सुधारते, तर जेवणालगत चहा घेतल्यास ते घटते.

पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४ टक्के महिलांना रक्तक्षय होता. गर्भाशय काढल्यावर मासिक रक्तस्राव थांबला तरी आधी रिकामा झालेला लोहाचा साठा आपोआप भरून येत नाही. त्यासाठी आहार व लोहाच्या गोळ्या आवश्यक असतात.

हाडांच्या दृष्टीने कॅल्शियम, प्रथिने व ड जीवनसत्त्व महत्त्वाचे आहेत. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२० च्या शिफारशींनुसार प्रौढ स्त्रीला दररोज १,००० मिलिग्रॅम आणि रजोनिवृत्तीनंतर १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. ज्वारी व बाजरीत ते त्या मानाने फारच कमी असते. तीळ, दूध, दही, ताक आणि शेवग्याचा पाला हे अन्य स्रोत आहेत. भाकरीला डाळ, मटकी, हुलगे किंवा हरभरा यांची जोड दिल्यास प्रथिनांची गुणवत्ता वाढते. आहार सुधारल्याने झीज मंदावते. तथापि गेलेल्या संप्रेरकांची जागा आहार घेऊ शकत नाही.

शस्त्रक्रियेनंतरची काळजी

कमी वयात दोन्ही अंडाशये काढलेल्या महिलांना, स्तनाचा कर्करोग किंवा रक्ताच्या गुठळ्या होण्याची प्रवृत्ती यांसारखी अडचण नसल्यास, नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत संप्रेरकोपचार देण्याची शिफारस केली जाते. गर्भाशय नसल्यामुळे बहुधा केवळ इस्ट्रोजेन पुरेसे ठरते. हा उपचार वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावा लागतो. रक्तदाब, रक्तातील साखर, मेद व हिमोग्लोबिन यांची नियमित तपासणी, शस्त्रक्रियेनंतर पुरेशी विश्रांती व काही आठवडे जड ओझे न उचलणे, तसेच तंबाखू व मिश्री सोडणे या गोष्टीही आवश्यक मानल्या जातात. हंगामी स्थलांतरामुळे उपचारांत खंड पडतो, ही यातील मुख्य अडचण आहे.

शासकीय व न्यायालयीन उपाययोजना

बीड जिल्हा प्रशासनाने खासगी रुग्णालयांना गर्भाशय शस्त्रक्रियेपूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणे बंधनकारक केले. गोऱ्हे समितीने स्थलांतरापूर्वी व स्थलांतरानंतर आरोग्य तपासणी आणि आरोग्यपत्रिका यांवर भर दिला. ऊसतोड मजुरांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने कल्याणकारी महामंडळही स्थापन करण्यात आले.

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०२२ मध्ये अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया रोखण्यासाठी मार्गदर्शक सूचना जारी केल्या. डॉ. नरेंद्र गुप्ता यांच्या जनहित याचिकेवर ५ एप्रिल २०२३ रोजी निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाने या सूचना तीन महिन्यांत स्वीकारण्याचे निर्देश सर्व राज्यांना दिले. ही याचिका बिहार, छत्तीसगढ व राजस्थान येथील प्रकरणांवरून दाखल झाली होती. मार्च २०२४ मध्ये ‘द न्यू यॉर्क टाइम्स’ने महाराष्ट्रातील साखर उद्योगावर प्रसिद्ध केलेल्या शोधवृत्तामुळे हा प्रश्न आंतरराष्ट्रीय चर्चेत आला.

परवानगीची अट प्रामुख्याने नव्या अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्यासाठी आहे. सर्वेक्षणात आढळलेल्या १३,८६१ महिलांच्या बाबतीत मात्र हाडे, हृदय व चयापचय यांची दीर्घकालीन देखरेख हाच आरोग्यसेवेपुढील मुख्य प्रश्न राहतो.

हे सुद्धा पहा

रजोनिवृत्ती
इस्ट्रोजेन
रक्तक्षय
ऊसतोड कामगार
बीड जिल्हा